फोन कोणी ठेवला

वसमतच्या 'पिवळी माती' हळद उत्पादक कंपनीत दीक्षाने फोन पकडायचं यंत्र बनवलं, अशी बातमी मोंढ्याच्या बाजारात फुटली, आणि तिच्या टेबलासमोरची प्लॅस्टिकची खुर्ची एकाएकी मानाची झाली. एरवी त्या खुर्चीवर फक्त बिघडलेला प्रिंटर ठेवत असत.

पहिले आले किशनराव. कंपनीचे संचालक. मोंढ्यात खत-बियाण्यांचं दुकान, आणि तोंडावर कायम अशी कळा, की आत्ताच कुणीतरी उधारी मागून गेलं आहे.

"काय दीक्षाबाई, बरं हाय ना?"

"बरं आहे. बोला."

"काही न्हाई. असंच इकडून चाललो होतो."

कंपनीचं ऑफिस ज्या गल्लीत आहे ती गल्ली ऑफिसच्या भिंतीला आदळून संपते. किशनराव 'इकडून' नेमके कुठे चालले होते, हे दीक्षाने विचारलं नाही.

"म्हन्लं, ते यंत्र..." किशनराव म्हणाले, "त्यात आमचं बोलणं येऊन राहिलं का?"

"नाही येत."

"अजिबात?"

"अजिबात."

किशनरावांनी श्वास सोडला, दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली. "मंग उकंडरावचं येतं का? तेवढं बघ की जरा. त्याचं अन् नांदेडच्या एका व्यापाऱ्याचं लई गुटूरगूं चालू हाय."

दुपारी उकंडराव आले. तेही संचालक, तेही इकडूनच चालले होते. कपाळाला गंध, गळ्यात माळ, आणि तेच दोन प्रश्न त्याच क्रमाने. फक्त दुसऱ्या प्रश्नात नाव किशनरावांचं. दीक्षाने दोघांनाही चहा पाजला आणि मनातल्या मनात गावाचा हिशेब मांडून टाकला: इथल्या माणसाला दोनच गोष्टींची काळजी. आपलं कुणी ऐकू नये आणि दुसऱ्याचं आपल्याला ऐकायला मिळावं. यापलीकडे कुणाचं तत्त्व शिल्लक असेल तर ते जमा बाजूला तरी दिसत नव्हतं.

तिसऱ्या आल्या सोजराबाई. महिला राखीव जागेवरच्या संचालिका. त्यांच्या खुर्चीवर सभेत त्यांचे मालकच बसत. बाईंनी पदर सावरला आणि हळूच विचारलं, "माय, मह्या नावानं मालक काय काय बोलतेत, ते दिसते का त्यात?"

सबंध आठवड्यात हा एकच प्रश्न दीक्षाला उत्तर देण्याच्या लायकीचा वाटला. पण त्याचंही उत्तर 'नाही' असंच होतं.

आता हे यंत्र म्हणजे काय, आणि ते बनवायची वेळ का आली, ते सांगायला हवं.

दीक्षा सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावची. वडील वीज मंडळात लाइनमन. ती नांदेडला शिकली, पुण्यात काही वर्षं टेलिफोनची सॉफ्टवेअरं लिहिली, आणि आई आजारी पडल्यावर परत आली. 'पिवळी माती'ला सरकारी योजनेत बसण्यासाठी एक तांत्रिक अधिकारी दाखवायचा होता. अध्यक्ष तातेरावांनी तिला घेतलं. पाहुणे आले की ते ओळख करून देत, "ही आमची कंप्युटरवाली." आणि मग पाहुण्यांसमोरच, "जरा ते प्रिंटरचं बघ गं."

कंपनीच्या शेतकऱ्यांना भाव, हळद पॉलिशची तारीख, बेण्याची चौकशी, सगळं एकाच नंबरवर कळावं म्हणून दीक्षाने एका लोखंडी डब्यात 'रिंगपोस्ट' नावाचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजच ते, पण जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, वापरावं, सुधारावं असं. तातेरावांनी ते घेतलं ते फुकट म्हणून. पण संशय गेला नव्हता. "फुकट देणारा माणूस," ते म्हणत, "एक तर येडा असतो, न्हाईतर इलेक्शनला उभा असतो. हे लोक कशाला उभे हायेत?"

त्या नंबरवर बोलायची अफसाना. संचालकांचे बाहेरचे फोनही तीच त्या डब्यातून जोडून द्यायची. गादीवाल्या अल्लाबक्षची मुलगी. साखऱ्याच्या हरिचंदपासून कुरुंद्याच्या बागायतदारापर्यंत सगळ्यांची हळद कुठवर आली ते तिला तोंडपाठ. कुणी तावातावाने बोलला तर ती म्हणायची, "काका, आधी पाणी प्या, मी थांबते." आणि खरंच थांबायची. कंपनीबद्दल तालुक्यात जे काही चांगलं बोललं जाई, ते बहुतेक तिच्या आवाजाबद्दल असे. तातेरावांच्या भाषणाबद्दल कुणी काही बोलल्याचं ऐकिवात नाही.

दसरा झाला आणि फोन तुटायला लागले. शेतकरी बोलायला लागला की अर्ध्या मिनिटात फोन बंद. प्रत्येक वेळी. 'नमस्कार काका' झालं, गाव सांगून झालं, मूळ मुद्दा तोंडात आला, की खट्. अफसाना लगेच आपण होऊन परत फोन लावायची. तो मात्र कितीही वेळ चालायचा. माणसाने यात तिचे आभार मानावेत. पण उपकार करणाऱ्यावर संशय घेणं ही आपली जुनी शिस्त. तक्रारी आल्या, "पोरगी आधी फोन आपटती, मंग स्वतःहून करती. काहीतरी गडबड हाय."

तातेरावांनी फैसला दिला. "फोन ठेवायला हात लागतो. बराबर? हेडफोन कोणाच्या डोक्यावर हाय? मंग हात कोणाचा?"

"भाऊ, हात लागतोच असं नाही," दीक्षा म्हणाली.

"मंग काय भूत ठेवतं?"

संचालक हसले. ते तातेरावांच्या प्रत्येक वाक्याला हसत, श्रद्धांजलीच्या वाक्यांनाही. ठरलं असं, की वार्षिक सभेत अफसानाला 'उद्धट वर्तनाबद्दल' काढायचं. तिच्या जागी तातेरावांच्या मेहुण्याची मुलगी पल्लवी. पल्लवीने हेडफोन विकतही घेऊन ठेवला होता, गुलाबी रंगाचा.

अफसाना त्या दिवशी डबा खाताना एवढंच म्हणाली, "काढलं तर काढलं गं. शिवणकाम येतं मला. पण फोन आपटला म्हणून काढू नका. उद्या अब्बांच्या दुकानात गिऱ्हाईक येईल अन् म्हणेल, हाच का तो, ज्याची पोरगी लोकांच्या तोंडावर फोन आदळते?"

दीक्षा कामाला लागली ती या वाक्यासाठी.

फोन कोणी ठेवला, हे शोधायचं तर फोनमधले निरोप पकडायला हवेत. आपण नुसतं 'हॅलो' म्हणतो, पण त्याआधी आणि त्यानंतर यंत्रं एकमेकांना निरोप धाडत असतात. पाहुणा दारात उभा राहून म्हणतो, 'येऊ का?' घरचा म्हणतो, 'या.' पाहुणा म्हणतो, 'बसलो.' आणि शेवटी दोघांपैकी एकजण म्हणतो, 'निघतो.' हा शेवटचा निरोप कोणाकडून आला तेवढं कळलं की न्याय झाला. अडचण अशी, की हे निरोप बंद पाकिटातून जातात. बाहेर वायरीवर पाळत ठेवली तर नुसती पाकिटं दिसतात. प्रत काढायची तर डब्याच्या आतच, पाकीट बंद व्हायच्या आधी काढायला हवी; आणि रिंगपोस्टमध्ये तशी सोयच नव्हती.

ती सोय दीक्षाने लिहिली. प्रत्येक निरोपाची एक प्रत बाजूला टाकायची. कोणी, कोणाला, कधी, काय निरोप दिला. बोलण्याला हात लावायचा नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तसं. कोण कोणाजवळ बसला, किती वेळ बसला, हात आधी कोणी काढला, हे सगळा बाजार उघड्या डोळ्यांनी बघतो. कोणतं बोट दाबलं, ते दोघांना ठाऊक आणि रुमालाला.

पहिल्याच चाचणीत उत्तर मिळालं. 'निघतो' हा निरोप अफसानाकडून येत नव्हता. शेतकऱ्याकडूनही नाही. तो येत होता खुद्द डब्याकडून. डबा पुन्हा पुन्हा 'या, या' म्हणत होता, समोरून 'बसलो' असं उत्तर पोचतच नव्हतं, आणि अर्धा मिनिट वाट बघून डबा समजत होता की पाहुणा आलाच नाही. मग दार बंद. पाहुणा आत बसून बोलतोय याचा त्याला पत्ता नाही. अफसाना स्वतः फोन लावायची तेव्हा 'बसलो' म्हणायचं काम डब्याचंच असायचं, म्हणून ते फोन टिकत.

'बसलो' का पोचत नाही, तेही तिला दुसऱ्या दिवशी कळलं. कंपनीत इंटरनेटच्या दोन लाइनी. एक जुनी, एक तातेरावांचा पुतण्या बंटी याने आपल्या मित्राकडून घेतलेली. डब्याची निळी वायर जुन्या लाइनीच्या राउटरमध्ये असायला हवी. ती बंटीच्या राउटरमध्ये होती. डबा नव्या वाटेने बोलत होता आणि पत्ता जुन्या वाटेचा देत होता. उत्तरं जुन्या पत्त्यावर जाऊन पडत होती.

"वायर बदलू का?" दीक्षाने अफसानाला विचारलं. "दोन मिनिटांचं काम."

अफसानाने विचार केला. "आत्ता बदललीस तर काय म्हणतील? 'दम दिला अन् पोरगी सुधरली.' मी लावत राहीन परत फोन. आधी दाखव, मग बदल."

दीक्षाला पुण्यातले वरिष्ठ आठवले. यातलं अर्धं डोकं त्यांना असतं तर तिची आणखी दोन वर्षं तिथे सुखाने गेली असती.

ती तातेरावांकडे गेली. त्यांनी कागदावरची शिडीसारखी आकृती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, आणि बाजूला ठेवली.

"हे यंत्र कोणी लिवलं?"

"मी."

"वाचलं कोणी?"

"मीच."

"अन् अफसाना तुही मैतरीण. तूच लिवलं, तूच वाचलं, तूच निकाल दिला. सभेत कोण मानंल? बाहेरच्या मोठ्या माणसाची सही आण. मंग बघू."

बाहेरच्या माणसाच्या सहीवर या लोकांची अशी श्रद्धा, की घरात विंचू निघाला तरी तो विंचूच आहे असा दाखला जिल्ह्यावरून आणतील. पण दीक्षाला हे सोयीचं होतं. आपली सोय रिंगपोस्टच्या मूळ मंडळींना द्यायची असंही तिच्या मनात होतंच. नाहीतर दर नव्या आवृत्तीबरोबर ती पुसली गेली असती. तिने सगळं नीट मांडून पाठवून दिलं. जगातल्या जाणत्यांनी तपासावं आणि मूळ सॉफ्टवेअरमध्ये घ्यावं, ही सही तातेरावांनाही खोडता आली नसती.

जगातले जाणते तपासायला बसले, आणि दीक्षाला घरच्यासारखंच वाटलं. एकाने फक्त ओळींच्या सुरुवातीला सोडलेल्या जागांवर आक्षेप घेतला. दुसरा म्हणाला, असली सोय हवीच कशाला, मला कधी लागली नाही. तिसऱ्याने लिहिलं की हेच आपण सात वर्षांपूर्वी सुचवलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं नाही; आणि पुढे तीन परिच्छेद त्याच दुःखाचे. मग या सोयीचं नाव काय ठेवायचं यावर वाद पेटला. बारशाला आलेल्या आत्याही एवढ्या भांडत नाहीत. कामाचा एकच माणूस निघाला. रिंगपोस्टमध्ये काय घ्यायचं, काय नाही, ही किल्ली ज्याच्या हातात होती तो. तो कुठल्यातरी थंड मुलखात राहायचा आणि सही नुसती 'के' अशी करायचा. त्याने दोन खऱ्या चुका दाखवल्या. दीक्षाने त्या त्याच दिवशी दुरुस्त केल्या आणि मनात त्याला नमस्कार घातला.

मग एका मोठ्या कंपनीचा माणूस चर्चेत उतरला. नम्रपणे. हे काम फार उत्तम आहे, त्याने लिहिलं, पण बोलण्याची प्रत काढता येत नसेल तर याचा उपयोग मर्यादित. कृपया आवाजही घ्यावा. दर्जा सुधारण्यासाठी. त्याखाली आणखी पाच जणांनी अंगठे उभे केले.

दीक्षा हसली. तातेराव पृथ्वीवर सगळीकडे आहेत. तिकडचे फक्त आधी 'कृपया' म्हणतात.

इकडचे म्हणाले नाहीत. त्याच दुपारी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलाच्या काचेखाली देवांचे आणि मंत्र्यांचे फोटो असे मिसळून ठेवलेले, की कोणाला नमस्कार करायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

"दीक्षाबाई, त्या यंत्रात आवाज घाल."

"आवाज घ्यायचा नाही, भाऊ."

"येत न्हाई का तुला?"

हा प्रश्न तिला झोंबला. "येतं की. चार ओळींचं काम आहे." बोलली आणि जीभ चावली.

तातेराव खुर्चीत मागे रेलले. "मंग ऐक. भाव जाहीर व्हायच्या आधी मोंढ्यात फुटून राहिला. आमच्यातलाच कोणीतरी फोडतो. मला ऐकू दे कोण ते. अफसाना राहील जागेवर. पल्लवीचं मी बघतो. सभेत मीच सांगतो, पोरगी निर्दोष हाय. वायर, बियर, जे काय ते तू म्हणशील तसं."

"आणि आवाज नाही घेतला तर?"

"मंग हात लागतो, दुसरं काय," तातेराव म्हणाले. "हेडफोन कोणाच्या डोक्यावर हाय?"

दीक्षा बाहेर आली. चार ओळी. तिला त्या पाठ होत्या; डोळ्यांपुढे उभ्याच होत्या. या चार ओळींत अफसानाची नोकरी, अल्लाबक्षच्या दुकानाची अब्रू, आणि वर एका मोठ्या कंपनीचे आभार. शिवाय ऐकलं जाणार कोणाचं? किशनरावांचं आणि उकंडरावांचं. त्या दोघांची तर एकमेकांविषयी तशी इच्छाच होती. वाईट वाटून घ्यावं असं त्यात कोण होतं?

तिने अफसानाला सगळं सांगितलं. अफसानाने हेडफोन उतरवून गळ्यात घेतला.

"कोणाकोणाचं येईल त्यात?"

"या डब्यातून जाईल त्या सगळ्यांचं."

"हरिचंदचं पण? साखऱ्याच्या?" अफसाना म्हणाली. "परवा त्याने भाव विचारायला फोन लावला. भाव विचारलाच न्हाई. बैल मेला म्हणून रडून राहिला. बायकोसमोर रडता येईना म्हणे. ते तातेराव ऐकणार? केबिनमध्ये बसून? बंटी चहा घेऊन आला की त्यालाही ऐकवणार?"

दीक्षाची नजर डब्याकडे गेली.

"अन् संचालकांचं म्हणशील तर मी दिवसभर ऐकते त्यांना. कायदेशीर ऐकते. चोरून ऐकावं असं त्यातलं एक माणूस बोलत न्हाई गं." तिने हेडफोन पुन्हा चढवला. "मला इमानाने वाचव, न्हाईतर राहू दे."

दीक्षाने थंड मुलखाकडे एकच ओळ पाठवली. आमच्या बाजारात रुमालाखाली हात घालून सौदा होतो. हात सगळ्यांनी बघावेत, पण रुमाल उचलणाऱ्याला बाजारातून उठवतात. 'के'ने विचारलं, म्हणजे काय? तिने रुमाल, बैल, दलाल, बोटं सगळं समजावून लिहिलं. मोठ्या कंपनीचा माणूस यावर काही बोलला नाही. रुमालावर त्याच्याकडे धोरण नसावं.

सभेच्या आदल्या दिवशी 'के'चं उत्तर आलं. सोय घेतली आहे. आवाज घेतला जाणार नाही. नावाचा वाद मिटला आहे. या सोयीचं नाव 'रुमाल'. खाली दीक्षाचं नाव, आणि गावाच्या जागी तिने कधीतरी लिहिलेलं पुसेगाव.

सभा कंपनीच्या गोदामात भरली. मागे तातेरावांचा फ्लेक्स. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात, तेव्हाचा फोटो. दरसाल नवा काढून वर्षभर टांगायचा हा कंपनीचा रिवाज. तातेराव नारळ घेऊन, शेजारी आरतीचं ताट घेऊन बंटी, आणि पाटावर झेंडूची माळ घातलेला, हळदीकुंकवाने माखलेला तो लोखंडी डबा.

दीक्षाने भिंतीवर त्याच शिडीसारख्या आकृत्या दाखवल्या. फोन करणाऱ्यांचे नंबर तिने झाकून टाकले होते. पाहुणा, 'येऊ का', 'या', आणि हरवलेला 'बसलो', असं सगळं तिने सांगितलं. दार कोणी बंद केलं, तेही. अफसाना पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती.

"सही कोणाची हाय याच्यावर?" तातेरावांनी विचारलं.

तिने 'के'ची मान्यता दाखवली.

"के? के म्हंजी काय?" उकंडराव म्हणाले. "आडनाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"आडनाव माहीत न्हाई अन् तेची सही चालती?"

"तिकडे आडनाव विचारत नाहीत, उकंडराव. त्यालाही माझं माहीत नाही. काम बघितलं त्याने."

पाठीमागच्या रांगांत कुणीतरी जोरात खोकलं, आणि विषय वायरीवर आला.

"बरं, वायर चुकली म्हणती," तातेराव म्हणाले. "चुकवली कोणी?"

दीक्षाने बोट वर केलं. सगळ्या गोदामाने फ्लेक्सकडे मान वळवली. तातेरावांच्या नारळाखाली, झेंडूच्या माळेतून निघालेली जाड निळी वायर बंटीच्या राउटरमध्ये शिरलेली, दहा फुटी फ्लेक्सवर हाताएवढी ठसठशीत दिसत होती.

"पूजेला डबा पुसायचा होता," बंटी म्हणाला. "वायरी काढल्या, मंग लावल्या. जुनं राउटर फोटोत घाण दिसत होतं, काका. तुमीच म्हन्ले, नव्याला लाव."

गोदाम हसलं. पाठीमागून हरिचंदचा आवाज आला, "देवाला हळद लावली अन् आमचं बोलणं तोडलं!" हशा वाढला. दीक्षाने अफसानाकडे पाहिलं. आता कुणीतरी म्हणेल, पोरीची काही चूक नव्हती. एवढं एक वाक्य. पैसे पडत नाहीत, मत जात नाही.

किशनराव उठले. "ते समदं ठीक हाय. पण मी काय म्हणतो, कोण कोणाशी किती वेळ बोललं, हे याच्यात दिसते?"

"दिसतं. बोलणं दिसत नाही."

"नंबर?"

"मी झाकलेत. पण असतात."

किशनरावांनी उकंडरावांकडे पाहिलं, उकंडरावांनी तातेरावांकडे, आणि तातेरावांनी, का कोण जाणे, छताकडे. वर्षानुवर्षं ज्यांचं एका चहावर एकमत झालं नव्हतं, त्यांचं त्या क्षणी झालं. ठराव तिथेच लिहिले गेले. पहिला: सदर यंत्र तात्काळ बंद करण्यात यावे. सूचक किशनराव, अनुमोदक उकंडराव. सगळे हात वर. सोजराबाईंचा हात त्यांच्या मालकांनी वर केला. दुसरा: फोनचा बिघाड स्वतः दूर केल्याबद्दल बंटी यांचे अभिनंदन. मधल्या चहाच्या सुट्टीत दीक्षाने दाखवलेल्या भोकात बंटीने वायर घातली होती आणि त्या वायरीचा फोटोही काढून घेतला होता. आणि तिसरा: अफसाना यांच्याकडून घडलेल्या चुकीबद्दल त्यांना माफ करण्यात येत असून त्यांना कामावर कायम ठेवण्यात येत आहे.

दीक्षा उभी राहिली. "भाऊ, चूक झालेलीच नाही. माफ कशाबद्दल?"

"म्हणून तर माफ केलं," तातेराव म्हणाले. "चूक झाली असती तर काढलंच असतं. आमी काय अन्याय करतो का?"

टाळ्या पडल्या. अफसानाला पुष्पगुच्छ देण्यात आला. तिने तो घेतला, जवळच बसलेल्या पल्लवीच्या हातात दिला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. फोन येत राहिले. एकही तुटला नाही. हरिचंदने नवा बैल कसा आहे ते शिंगापासून शेपटीपर्यंत सांगितलं, आणि शेवटी भावही विचारला. दीक्षाने ठरावाप्रमाणे 'रुमाल' बंद केला होता. जगात आता तो कुठेकुठे चालू असणार होता. ज्या वसमतच्या बाजारातून तो गेला, तिथे मात्र नाही.

दुपारी केबिनमधून आतला फोन आला. अफसानाने उचलला. तातेरावांचा आवाज एवढा मोठा, की हेडफोनबाहेर दीक्षालाही ऐकू यावा.

"अफसाना, ते यंत्र बंद झालं ते बराबर झालं. पण तुला तर समदं कळतंच की, कोण कोणाला फोन करून राहिलं. किशनराव काय बोलतो, उकंडराव काय बोलतो. सांजच्याला जरा केबिनमध्ये येऊन सांगत जा. मोठ्या मनानं माफ केलं तुला, ध्यानात हाय ना?"

अफसानाने दीक्षाकडे पाहिलं. मग समोरच्या पडद्यावर, जिथे लाल खूण असते तिथे. तिने ती खूण शांतपणे, बोट टेकवून, दाबली. खट्.

केबिनमधून दोनदा 'हॅलो, हॅलो' ऐकू आलं. मग तातेराव गरजले, "बंटी! अरे बंट्या! वायर बघ रे पुन्हा!"

बंटी धावत सुटला. डब्याच्या कपाटापाशी गेला, निळी वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली, आणि ओरडला, "बराबर हाय की, काका!"

"मंग फोन कोणी ठेवला?"

याचा पुरावा आता कुठेच नव्हता. तो ठेवायचा नाही, असा सर्वानुमते ठराव झाला होता.